व्हिएन्नाहून मामांना

व्हिएन्ना, शुक्रवार, दुपार

ती. मामा,

आज संध्याकाळी सिनेमाच्या संगीताची मैफल आहे, हे फोनवर सांगितलंच होतं. तोवर शहर बघून घेते आहे. आता प्राटर बागेतल्या बाकावर बसून लिहितेय, म्हणून अक्षर असं.

सकाळी आधी संत श्टेफानच्या कॅथेड्रलला गेले. दक्षिणेकडचा मनोरा १३६ मीटर उंच. ३४३ पायऱ्या चढून वर गेलं की खाली छपराची रंगीत कौलं दिसतात, नागमोडी नक्षीत बसवलेली. मोझार्टचं लग्न १७८२ साली याच देवळात झालं. ‘छाया’ सिनेमातलं तलत आणि लताबाईंचं द्वंद्वगीत सलीलदांनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून बांधलं, हे मला पहिल्यांदा तुम्हीच सांगितलं होतंत. दोन्ही व्हायोलिनवर पाठोपाठ वाजवूनही दाखवलं होतंत. ती सिंफनी त्यानं १७८८ सालच्या उन्हाळ्यात या शहरातच लिहिली. गल्ल्यांमधून हिंडताना डोक्यात सारखं तलतचंच गाणं होतं.

ऑपेरा फक्त बाहेरून पाहिला. १९४५च्या मार्चमध्ये बॉम्ब पडून जळाला होता, १९५५ साली पुन्हा उभा राहिला. तिथून ट्रामनं कालव्यापर्यंत आले आणि पूल ओलांडून लिओपोल्डश्टाट या भागात शिरले. मला खरं यायचं होतं ते इथेच.

हा पूर्वी ज्यू लोकांचा मोहल्ला. फुटपाथमध्ये जागोजागी पितळी पट्ट्या बसवल्यात आणि त्यांवर त्या त्या घरातून नेऊन मारलेल्या माणसांची नावं कोरली आहेत. ती वाचत चालायचं तर पाय भरभर उचलत नाहीत. प्राटरश्ट्रासे नावाचा रुंद रस्ता आहे. त्यावर ५४ नंबरच्या घरात योहान श्ट्राउसनं ‘ब्लू डॅन्यूब’ लिहिलं. आणखी थोडं पुढे गेलं की ७२ नंबरला एक जुनं हॉटेल लागतं. तिथे १८८८ साली माक्स श्टायनर जन्मला, तशी पाटी भिंतीवर आहे. ‘किंग काँग’, ‘गॉन विथ द विंड’, ‘कासाब्लांका’ या सगळ्यांचं संगीत त्याचं. समोर हे जे प्रचंड चाक फिरतंय ना, ते १८९७ साली उभं राहिलं तेव्हा इथली करमणुकीची बाग माक्सचे वडील गाबोर श्टायनर चालवत. चाकाला तेव्हा तीस डबे होते. युद्धात आग लागली, मग पंधराच परत बसवले. ‘द थर्ड मॅन’मध्ये ऑर्सन वेल्स याच चाकाच्या डब्यातून खालच्या माणसांकडे बघतो. मीही बसून आले. वर पोचल्यावर चाक थोडं थांबलं, तेव्हा एका खिडकीतून कॅथेड्रलचा मनोरा दिसला आणि दुसरीतून बागेतली गर्द झाडी.

आता कपडे बदलायला हॉटेलवर जाते. बाकीचं रात्री.

रात्री उशिरा

मामा, झोप येणं शक्य नाही, म्हणून आत्ताच लिहितेय.

कोन्झर्टहाउस १९१३ साली उघडलं. मोठ्या सभागृहात अठराशेवर माणसं बसतात आणि आज जागा रिकामी दिसली नाही. सुरुवात ‘किंग काँग’नं झाली. १९३३ सालचं संगीत, पण ट्रोंबोन आणि ट्यूबा खालच्या पट्टीतून चाल करून आले तेव्हा शेजारचा लहान मुलगा आईला बिलगला. वर पडदा नव्हता, चित्र नव्हतं. एरवी हे संगीत आपण संवादांच्या आडून ऐकतो. आज प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येत होतं.

त्यानंतर कोर्नगोल्डचा व्हायोलिन कॉन्चेर्टो. हा माणूस तुम्हाला नीट सांगायलाच हवा. अकराव्या वर्षी त्यानं बॅले लिहिला आणि तेराव्या वर्षी तो इथल्या दरबारी ऑपेरात झाला. पुढे हॉलिवूडचं बोलावणं आलं. १९३८च्या सुरुवातीला ‘रॉबिन हूड’च्या कामासाठी तो अमेरिकेत गेला आणि मार्चमध्ये हिटलरचं सैन्य व्हिएन्नात शिरलं. तो ज्यू होता. इथे असता तर काय झालं असतं ते दुपारच्या त्या पितळी पट्ट्या सांगतात. त्या सिनेमामुळे आपला जीव वाचला असं तो मानायचा. ‘रॉबिन हूड’ला ऑस्कर मिळालं. युद्ध संपलं तेव्हा त्यानं स्वतःच्याच सिनेमांतल्या सुरावटी घेऊन हा कॉन्चेर्टो रचला आणि १९४७ साली तो पहिल्यांदा वाजवला यॉशा हायफेट्झनं! पुढे कोर्नगोल्ड इथे परतून आला, पण व्हिएन्नाला त्याचं संगीत जुनाट वाटायला लागलं होतं. सिनेमावाला म्हणून नाकं मुरडणारेही होतेच. १९५७ साली तो हॉलिवूडमध्येच वारला.

आज वाजवणारी मुलगी पंचविशीची असेल. दुसऱ्या भागात वरच्या सुरांवर ती इतका हलका गज फिरवत होती की पुढे झुकून ऐकावं लागत होतं. तिसऱ्या भागात मात्र तिनं धमाल उडवली. गज उसळत होता, मागचा फ्रेंच हॉर्न तिला हाका मारत होता. टाळ्या संपेचनात.

मध्ये एकानं झिथरवर ‘द थर्ड मॅन’ची धून वाजवली. झिथर दिसतं आपल्या स्वरमंडळासारखं, पण त्याच्या एका कडेला पडदे असतात, डाव्या हाताची बोटं तिथे सुरावट धरतात. आंटोन कारास इथल्या वाइनच्या गुत्त्यांत ते वाजवायचा. दिग्दर्शक कॅरोल रीडनं त्याला ऐकलं आणि अख्ख्या सिनेमाला तेवढं एकच वाद्य ठेवलं. शेवट जॉन विल्यम्सच्या ‘स्टार वॉर्स’नं. आधी कोर्नगोल्ड ऐकलेला असल्यानं तुतारीच्या त्या ललकारीचं घराणं कोणतं हे सांगावं लागलं नाही.

पण तुम्हाला आजच लिहायचं कारण वेगळंच आहे. कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर वाद्यवृंदातल्या प्रत्येकाचं नाव छापलंय. दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या बाकावरच्या माणसाचंसुद्धा. मी उभ्या उभ्या ते पान सगळं वाचलं. सेबॅस्टियन डिसोझांच्या नोटेशनवर तुम्ही किती वर्षं वाजवलंत! शंकर-जयकिशनच्या गाण्यांतले ते व्हायोलिनचे ताफे आम्ही आजही ऐकतो, आणि त्यांत कोण कोण बसलं होतं हे कुठे लिहिलेलं नाही. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव तरी त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे एका गाण्यात राहिलं. तुमच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या गोव्याच्या त्या काकांचं पूर्ण नाव मला माहीत नाही, आणि याचं मला आज फार वाईट वाटलं.

ती पत्रिका मी जपून आणतेय. आल्यावर एक रविवार माझ्यासाठी ठेवा. कुठल्या गाण्याला कोण होतं, सोलो कोणाचा, रिहर्सल किती चालली, आठवेल तसं सांगा, मी लिहून घेईन. आठवणार नाही तिथे रेकॉर्ड लावू. तुम्ही तुमचा पोर्शन नक्की ओळखाल.

उद्या सकाळच्या गाडीनं झाल्झबुर्ग. मामींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळवा.

तुमची भाची