उद्याचा पल्ला शून्य

जळगावहून ओंकारेश्वरला सायकलने जायचं ही कल्पना माझी. बायको फक्त "चल" म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी मुक्ताईनगर सोडलं तेव्हाच ऊन चढलं होतं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, समोरून वारा आणि ट्रकची धूळ. इच्छापूरच्या पुढे तिच्या मागच्या चाकाचं दुसरं पंक्चर. मी घड्याळ बघत म्हणालो, "आज असीरगड गाठायचाच आहे."

तिने पंप खाली ठेवला. "गाठ तू. सकाळपासून मला मळमळतंय. एकदा तरी विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

केळीचे घड भरणाऱ्या एका काकांनी "पोरी, आधी सावलीत बस" म्हणत तिला मीठ-साखरेचं पाणी दिलं. मी नुसता तिचं हेल्मेट धरून उभा. शेवटी त्यांच्याच टेम्पोतून आम्ही बुऱ्हाणपुरात पोचलो.

संध्याकाळी तिला बरं वाटल्यावर तापीच्या घाटावर बसलो. नदीपलीकडे झैनाबाद. नवऱ्याबरोबर मोहिमेवर आलेली मुमताज १६३१ साली याच शहरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तिची पहिली कबर त्या काठावर होती; आग्रा नंतरचं.

"म्हणजे नवऱ्याच्या प्लॅनमध्ये फरफटलेली मी पहिली नाही," ती म्हणाली आणि हसली. माझ्या जिवात जीव आला.

"उद्याचा पल्ला तू ठरव," मी म्हणालो.

"शून्य. उद्या फक्त मावा जिलेबी."

असीरगडला आम्ही परवा गेलो. वीसेक किलोमीटरला अख्खी सकाळ लागली. पुढे ती होती.