साउथ केन्सिंग्टनची परिषद

परिषदांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. तीस वर्षांच्या अध्यापनात ज्या ज्या परिषदांस मी हजर राहिलो, त्यांतील अध्यक्षीय भाषणांपेक्षा मधल्या वेळचा चहाच अधिक लक्षात राहिला आहे. वक्ता आपला प्रबंध वाचतो, श्रोते स्वतःच्या प्रबंधाची पाने चाळतात, अध्यक्ष घड्याळाकडे पाहून खाकरतात आणि मग सर्वांचे आभार मानले जातात. तथापि जिला आपण हजर असतो तर बरे झाले असते असे मनापासून वाटावे, अशी एक परिषद आहे; आणि ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधी लंडनमध्ये भरून गेली.

विज्ञानाच्या इतिहासाची ती दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद. १९३१ साली जूनच्या अखेरीस साउथ केन्सिंग्टनच्या सायन्स म्युझियममध्ये ती भरली. अध्यक्ष होते वैद्यकाचे इतिहासकार चार्ल्स सिंगर. विज्ञानाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांच्या चरित्रांची माळ, अशीच त्या काळी बहुतेकांची समजूत. अशा निवांत मंडळीत रशियाहून विमानाने एक शिष्टमंडळ येऊन उतरले. त्याचा प्रमुख क्रांतीच्या पहिल्या फळीतला पुढारी निकोलाय बुखारिन. सोबत वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव, भौतिकशास्त्रज्ञ योफे आणि इतर. ठरलेल्या कार्यक्रमात एवढ्यांना वेळ कोठून मिळणार? अखेर शनिवारी, ४ जुलैला, एक जादा बैठक त्यांच्यासाठी ठेवण्यात आली. प्रबंधांचे इंग्रजी रूपांतर व छपाई अवघ्या काही दिवसांत उरकली गेली, आणि त्यांचा ‘सायन्स ॲट द क्रॉस रोड्स’ हा संग्रह झाला. घाईच्या खुणा त्यात ठायी ठायी दिसतात, परंतु गुळगुळीत इंग्रजीतली शेकडो पुस्तके विसरली गेली आणि हे राहिले.

ते राहिले मुख्यतः बोरिस हेसेन याच्या प्रबंधामुळे. विषय न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चा. १६८७ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ एका एकलकोंड्या प्रतिभावंताच्या डोक्यातून पूर्ण घडून निघाला, हे हेसेनला मान्य नाही. त्या काळच्या इंग्लंडातील व्यापारी वर्गाला कोणत्या अडचणी होत्या, ते पाहा, असे तो म्हणतो. भर समुद्रात जहाज नेमके कोठे आहे हे कसे ओळखावे? खोल खाणीतले पाणी उपसावे कसे आणि आत हवा कशी खेळवावी? तोफेचा गोळा हवेचा विरोध कापीत कोणत्या वाटेने जातो? या प्रश्नांची यादी एका बाजूस मांडून दुसऱ्या बाजूस तो न्यूटनचे सिद्धांत ठेवतो, आणि जोड्या जुळू लागतात. तरुण न्यूटनने १६६९ साली परदेशी निघालेल्या ॲस्टन नावाच्या मित्राला पत्र लिहिले होते. त्यात तिकडच्या खाणी, धातुकाम, जहाजे नीट पाहून ये, असा सल्ला आहे. हेसेन ते पत्र मोठ्या आनंदाने पुढे करतो.

मला हा प्रबंध प्रिय आहे, पण तो सर्वस्वी पटतो असे मात्र नाही. १६८४ च्या ऑगस्टमध्ये हॅले केंब्रिजला गेला तो ग्रहांच्या कक्षेचा आकार विचारण्यास, पंपाची चौकशी करण्यास नव्हे. (या हॅलेनेच पुढे पदरच्या पैशाने ग्रंथ छापला, कारण रॉयल सोसायटीची गंगाजळी माशांवरच्या एका सचित्र ग्रंथात बुडाली होती!) गरज प्रश्न विचारते हे खरे, परंतु उत्तराला लागणारे गणित ती पुरवीत नाही. तरीसुद्धा दरवर्षी गतीचे नियम शिकवू लागलो की मी आधी खाणीतले पाणी व तोफेचा गोळा यांविषयी बोलतो, आणि मागच्या बाकांवरची मुलेही मान वर करतात.

सभागृहातील बहुतेकांस तो प्रबंध त्या दिवशी निव्वळ प्रचार वाटला असावा. परंतु तरुण बर्नाल आणि जीवरसायनशास्त्रज्ञ नीडॅम यांच्या मनात तो रुतला. नीडॅम पुढे चीनच्या प्राचीन विज्ञानाकडे वळला, आणि त्या महाग्रंथाचा पहिला खंड १९५४ साली निघाला.

या प्रबंधाची दुसरी बाजू पुष्कळ वर्षांनी उजेडात आली. अमेरिकन इतिहासकार लोरेन ग्रॅहॅम यांनी १९८५ साली असे मांडले की, हेसेनचे खरे श्रोते लंडनमध्ये नव्हतेच, मॉस्कोत होते. आइन्स्टाइनची सापेक्षता म्हणजे भांडवलदारी विचार, असा तिकडे गिल्ला चालला होता, आणि तिची बाजू घेणाऱ्या हेसेनवर हल्ले होत होते. न्यूटनचा जन्मही व्यापारी समाजातच झाला, तरी त्याचे नियम तुम्ही निमूट वापरता ना? मग आइन्स्टाइनलाच का हाकलता? न्यूटनच्या आडून तो हे बोलत होता. मला हा अर्थ पटतो.

“सर, मग हे त्याने लंडनमध्ये सरळच का नाही सांगितले?” असे एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी विचारले. शास्त्रज्ञांच्या मतांची पक्षाच्या वतीने झडती घेणारा आर्नोश्ट कोलमन त्याच शिष्टमंडळात होता, हे मी तिला सांगितले. पुढचे तिने विचारले नाही, पण मी सांगितले. हेसेनला १९३६ साली अटक झाली आणि २० डिसेंबरला गोळी घालण्यात आली, वय त्रेचाळीस. बुखारिनची तीच गत १९३८ च्या मार्चमध्ये झाली. जगभरची धान्याची बियाणी गोळा करणारा वाविलोव १९४३ च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात मेला.

कोलमन मात्र दीर्घायुषी ठरला. १९७६ साली त्याने स्वीडनमध्ये आश्रय घेतला, तेथून पक्षाचा राजीनामा धाडला, आणि १९७९ साली तो तेथेच वारला.