दोन पत्रे

भांडण वाढवण्यासाठी मराठीत वाक्प्रचारांची ददात नाही. आगीत तेल ओतावे, काडी टाकावी, खाजवून खरूज काढावी. ते उतरवायचे म्हटले की ‘जाऊ द्या’पलीकडे आम्हांला चटकन काही आठवत नाही. नाटक शिकवताना आम्हीही वर्षानुवर्षे चढत्या संघर्षाचेच गुणगान केले. संघर्ष उतरू लागला की आमचा तासही संपत आलेला असे.

ऑक्टोबर १९६२ मधल्या क्यूबाच्या पेचप्रसंगाकडे आम्ही वळलो ते यामुळेच. तिथे कसोटी लागली ती बऱ्याच अंशी शब्दांची. २२ ऑक्टोबरला केनेडींनी क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची बातमी जाहीर केली आणि शस्त्रे नेणारी जहाजे अडवण्याचा निर्णय सांगितला. पण ‘नाकेबंदी’ हा शब्द कटाक्षाने टाळला, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती मानली जाते. त्यांनी उचलला ‘क्वारंटाइन’ हा साथीच्या रोगांतला शब्द. जहाजे तीच, तोफा त्याच. समोरच्याला मात्र युद्ध पुकारले गेले असे म्हणण्याची सक्ती उरली नाही.

पुढे २६ तारखेला ख्रुश्चेव्ह यांचे लांबलचक, काहीसे विस्कळीत पत्र आले. दोन्ही बाजूंनी दोर ओढत गेलो तर गाठ इतकी आवळेल की बांधणाऱ्यालाही सुटणार नाही, असे त्यात होते. क्यूबावर स्वारी न करण्याचे वचन दिल्यास शस्त्रे हलवण्याची तयारीही होती. दुसऱ्याच दिवशी मॉस्को रेडिओवरून दुसरे पत्र प्रसृत झाले. त्याचा सूर करडा, आणि मागणी तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रे काढण्याची. त्याच दिवशी क्यूबावर एक अमेरिकन टेहळणी विमान पाडले गेले, वैमानिक ठार झाला. अशा वेळी केनेडींनी जाहीर उत्तर दिले ते पहिल्या पत्राला.

दुसऱ्याचे काय झाले? त्यालाही उत्तर गेले, पण तोंडी. त्याच संध्याकाळी रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले आणि तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रे निघतील, मात्र याची वाच्यता नको, असे सांगून आले. १९६३ च्या एप्रिलपर्यंत ती निघालीही. रॉबर्ट यांचे ‘थर्टीन डेज’ १९६९ साली त्यांच्या मृत्यूनंतर आले, तेव्हा या सौद्याचा स्पष्ट उल्लेख संपादक सोरेन्सन यांनी गाळला; तसे त्यांनी १९८९ मध्ये कबूल केले. संहितेच्या अभ्यासकांनी या गाळलेल्या जागेपाशी थोडे थांबावे. ताठरपणा जिंकला असे एक पिढीभर मानले गेले, त्यात या संपादनाचाही वाटा होता.

पहिले पत्र पोहोचून उलगडायला बारा तासांच्या आसपास लागले होते. म्हणून १९६३ मध्ये दोन्ही राजधान्यांमध्ये थेट तार जोडली गेली. चित्रपटांतून दिसतो तो लाल टेलिफोन नव्हे; ती टेलिप्रिंटरची, लिखित मजकुराची तार होती, आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचे असे ठरले. आवाजाने भडका उडतो, घाईच्या भाषांतराने घोटाळा होतो, हे त्या मंडळींना कळले होते.

आम्हांला ते उशिरा कळले. अभ्यासक्रमावरून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी आमचे बिनसले, तेव्हा त्यांच्याकडूनही दोन पत्रे आली होती. पहिल्यात रागाखाली थोडी अजिजी होती, दुसऱ्याच्या प्रती सगळ्या विभागाला गेलेल्या. आम्ही रात्रभर जागून उत्तर लिहिले ते दुसऱ्याला, मुद्देसूद, एकही फट न ठेवता. विभागात त्याचे कौतुकही झाले. सर आमच्याशी पुन्हा बोलले नाहीत. यथावकाश निवृत्त होऊन गावी गेले.

परवा कपाट आवरताना पहिले पत्र हाती आले. शेवटच्या ओळीत ‘रविवारी घरी या, बसून बोलू’ असे लिहिले होते. ती ओळ तेव्हा वाचल्याचे आम्हांला मुळीच आठवत नाही. आता उत्तर त्या पत्राला लिहायला घेतले आहे. मायना लिहून झाला आहे.