हसणारा कुत्रा

आमच्या पिढीला औरंगाबादेत व्हिडिओ गेम मिळाला तो बेवारशी. डब्यावर कंपनीचं नाव नाही आणि कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असा धादांत खोटा आकडा. त्यातले खरे गेम मोजके, बाकी तेच ते रंग बदलून. मारिओ, काँट्रा आणि बंदुकीने बदकं मारायचा गेम एवढ्यावर दिवाळीची सुट्टी निघायची. यंत्र म्हणजे निन्टेंडोने १९८३ साली जपानात काढलेल्या मशीनची नक्कल, पण निन्टेंडो हे नाव माझ्या कानावर पडलं ते कॉलेजात. बदकांचा गेम १९८४ चा. नव्वदीच्या मध्यावर गुलमंडीवरून आमच्या घरी आला तेव्हा तो चांगला दहा-बारा वर्षांचा होता आणि आम्हाला कोरा करकरीत वाटत होता.

मामा चितेगावच्या व्हिडिओकॉनमध्ये होता. पैठण रोडवरच्या त्या कारखान्यात टीव्ही बनायचे, त्यामुळे सिडकोतल्या आमच्या गल्लीत कुणाचाही टीव्ही बिघडला की बोलावणं मामाला. गेम जोडायचा तर टीव्हीचं चॅनल हाताने ट्यून करावं लागे. मुंग्या, मुंग्या, आणि मग एकदम निळं आकाश. बंदूक कशी चालते हे मी विचारलं, तेव्हा त्याने स्क्रू काढून ती वर्तमानपत्रावर उघडली. आत एक स्प्रिंग, पुढे छोटी काच, काचेमागे नखाएवढा प्रकाश ओळखणारा तुकडा. बंदुकीतून काही सुटतच नव्हतं! खटका दाबला की पडदा पापणी लवायच्या आत काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तरच नेम लागला. गोळी टीव्हीतून बंदुकीत येते, असं मामा म्हणाला. मी ते शाळेत सगळ्यांना सांगितलं, कुणी विश्वास ठेवला नाही.

नेम चुकला की गवतातून कुत्रा वर यायचा आणि तोंडावर पंजा ठेवून हसायचा. बदकांवर कुणाचा राग नव्हता, या कुत्र्यावर अख्ख्या गल्लीचा होता. आम्ही बंदुकीची नळी काचेला टेकवून त्याला गोळ्या घातल्या. त्याला काही व्हायचं नाही. गेम पार्लरसाठी काढलेल्या आवृत्तीत मात्र त्याला गोळी लागते, हे पुढे कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

मग पैठण गेटकडचं पार्लर आलं, ‘मुस्तफा’ नावाचा गेम आला, किंग ऑफ फायटर्स ९७ आला. एसएनके कंपनीच्या वेगवेगळ्या गेममधले लढवय्ये त्यात तिघा-तिघांच्या टोळ्या करून भिडत. लाल टोपीवाला टेरी बोगार्ड माझा. तो दुसऱ्या कुठल्या गेममधून इथे आलाय, हे पार्लरात कुणालाच माहीत नव्हतं आणि पडलेलीही नव्हती.

पुढे जाड टीव्ही घराघरातून गेले आणि बंदुकाही गेल्या, कारण चपट्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटतं आणि तेवढ्या उशिराने त्यांचं सगळं गणित कोसळतं. २०१८ मध्ये व्हिडिओकॉनचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. मामा तोवर निवृत्त झाला होता. बातमी वाचून त्याने पेपर घडी करून ठेवला आणि चहा मागितला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात निन्टेंडोचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ आला. धाकट्या भावाने दुबईहून माझ्या मुलासाठी तो खेळायचं यंत्र आणलं. भारतात निन्टेंडोने कधी नीट दुकान मांडलंच नाही, त्यामुळे सामान अजूनही कुणाच्या तरी बॅगेतूनच येतं. या गेममध्ये कुठल्या कुठल्या खेळांतली पात्रं एकमेकांना चौथऱ्याखाली ढकलतात. मारिओ आहे, पॅकमॅन आहे, २०१९ पासून आपला टेरीही आहे. गेममध्येच अधूनमधून ऑनलाइन स्पर्धा भरतात. एकदा थीम निघाली रेट्रो, आणि मुलाने सगळी पात्रं माझ्यासमोर मांडली. त्यात तो कुत्रा! पाठीवर बदक. जगाला जुनं म्हणून जे परत मिळत होतं, त्यातल्या निम्म्या मंडळींची नावं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

मी अर्थातच कुत्रा घेतला. तो पुढे डबा लाथाडतो आणि पडद्याबाहेरून कुणीतरी त्या डब्यावर गोळ्या झाडतं. मुलाने विचारलं, “हे कोण मारतंय?” मी म्हटलं, “आम्ही.” त्याला वाटलं, मी टाळतोय.

पहिली लढत निघाली. दुसरीत कुठल्याशा देशातल्या पॅकमॅनने मला धुतलं. मी उडी दाबायचो आणि कुत्रा सावकाश विचार करून उडायचा. मी वायफायला शिव्या घालत होतो. मामा सोफ्यावर होता, चष्मा कपाळावर. म्हणाला, “नेटचं काय घेऊन बसलास, तुझा पडदाच मागं पडतोय रे. गेम मोड आहे का यात? दे इकडं रिमोट.”

मुलाने रिमोट दिला आणि माझ्या हातातला कंट्रोलर काढून घेतला.