किती विसरायचं

खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी थोड्याच अंतरात विरून जातात, म्हणून समुद्राखाली संदेश पाठवायला आवाजच लागतो. त्याचा वेग सेकंदाला साधारण 1,500 मीटर. उथळ समुद्रात तो एकटा पोचत नाही. पृष्ठभागावर, तळावर आपटत आलेले त्याचेच प्रतिध्वनी मागोमाग येतात. शेवटचा 20 मिलिसेकंद मागे असेल आणि आपण सेकंदाला 2,500 सिम्बॉल पाठवत असू, तर एकेक सिम्बॉल पुढच्या 50 सिम्बॉलांत मिसळतो. हा गुंता सोडवणारे इक्वलायझर मी लिहितो.

आधी रिसीव्हरच्या ओळखीचा सिग्नल पाठवायचा आणि त्याचं काय झालं त्यावरून चॅनल, म्हणजे मधल्या पाण्यातल्या सगळ्या वाटा, ओळखायचा, इथपर्यंत पुस्तकं नीट शिकवतात. पण ती ओळख किती वेळ खरी धरायची? रेकॉर्डिंगमधून काढलेलं चॅनलचं चित्र मी तासन्‌तास पाहतो. आडवा विलंब, उभा काळ. मोडेम स्थिर असतील तर तळावरून आलेला मार्ग सरळ रेघेत उतरतो. पृष्ठभागावरून आलेला लाटेबरोबर नागमोडी जातो, मध्येच तुटतो. 12 किलोहर्ट्‌झला तरंगलांबी 12.5 सेंटिमीटर. वाट तीन सेंटिमीटरने लांबली की फेज जवळजवळ पाव फेरा फिरलीच.

अल्गोरिदममध्ये विसरण्याचा एक आकडा असतो. 0.99 ठेवला तर साधारण मागचे 100 सिम्बॉल, म्हणजे 40 मिलिसेकंद लक्षात राहतात, 0.999 ठेवला तर त्याच्या दहापट. आठवण आखूड असली की पाण्यात कडकडणाऱ्या कोळंब्यांचा आवाजही चॅनल म्हणून शिकला जातो. लांब ठेवावी, तर तोवर लाट पुढे गेलेली असते. तळाला आणि लाटेला एकच आकडा लावणं मला पटत नाही.

म्हणूनच मिलित्सा स्तोयानोविच आणि सहकाऱ्यांचा 1994 चा शोधनिबंध मला आजही मोठा वाटतो. झपाट्याने फिरणारी फेज त्यांनी इक्वलायझरसोबतच, पण वेगळ्या लूपने पकडली. मी तेच प्रत्येक मार्गापर्यंत नेतो. पन्नासांतले बहुतेक टॅप, म्हणजे एकेका सिम्बॉलाच्या विलंबाचे कप्पे, रिकामेच असतात, त्यांत नुसता गोंगाट साठतो; ते शून्य करायचे. उरलेल्या मार्गांना ज्याची त्याची आठवण. लाट फुटून बुडबुड्यांत पृष्ठभागाचा मार्ग हरवला, तरी त्याची जागा मी लगेच पुसत नाही. बुडबुडे ओसरले की तो बहुधा तिथेच, मिलिसेकंदाच्या अंशाने इकडेतिकडे, पुन्हा सापडतो.