आवरणे

आपल्या मराठीत ‘आवरणे’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. घरही आवरायचे आणि मनही आवरायचे! पसारा उचलणे आणि आवेगाला लगाम घालणे, ही दोन्ही कामे आपण एकाच शब्दावर सोपविली आहेत. ती खरोखरच एक आहेत, हे मला कळले ते मात्र दुःखाच्या दिवसांत.

आमच्या वहिनींना मेंदूतील रक्तवाहिनी तुंबून अर्धांगवायूचा झटका आला. सारे घर आवरणारा त्यांचा उजवा हात लुळा पडला. त्या जागरणांत मी मेंदूविषयी मिळेल ते वाचू लागलो.

मेंदूतील बहुतेक उत्तेजक निरोप ग्लुटामेट नावाचा पदार्थ पोचवितो. एक चेतापेशी तो सोडते, दुसरी जागी होते. पण निरोप्या दारातच रेंगाळला तर? ऐकणारी बिचारी पुन्हा पुन्हा दचकत राहील! पेशीबाहेर त्याला झटपट मोडून टाकणारे विकर नाही. त्याला उचलूनच न्यावे लागते. हे काम मुख्यतः शेजारच्या तारकापेशी करतात. त्यांच्या पटलावरील वाहक प्रथिने ग्लुटामेटच्या एका रेणूबरोबर सोडियमचे ३ आयन व १ प्रोटॉन आत घेतात आणि पोटॅशियमचा १ आयन बाहेर सोडतात. आत ग्लुटामेटचे ग्लुटामाइन होते आणि ते चेतापेशीकडे परत जाते. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, ही रीत तेथेही आहे म्हणायची!

१९९२ साली तीन प्रयोगशाळांनी असे तीन वाहक ओळखले. त्यांची संख्याही कायमची ठरलेली नसते. प्रयोगशाळेत एकट्या वाढविलेल्या तारकापेशी त्यांतील मुख्य वाहक फारच थोडा बनवितात. सोबत चेतापेशी ठेवल्या की पुष्कळ बनवितात. माणसांनी भरलेल्या घरातच आवरणाऱ्याचा हात चालतो.

रक्त थांबले की ही सारी व्यवस्था कोलमडते. सोडियम-पोटॅशियमचा तोल सांभाळणारी ऊर्जा संपते आणि तेच वाहक उलटे फिरून ग्लुटामेट बाहेर ओतू लागतात. अति उत्तेजनाने चेतापेशी मरतात. म्हणूनच या दुखण्यात मिनिटामिनिटाला मोल असते. उपचार वेळेवर मिळाले आणि वहिनी वाचल्या. हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही.

बोलणाऱ्याचे कौतुक जग करतेच. परंतु पुढचा शब्द ऐकू यावा म्हणून मधली जागा कोणीतरी मुकाट्याने मोकळी करीत असते. यंदा फराळाचे ताट पुढे येईल, तेव्हा कौतुकाचा एक शब्द त्या आवरणाऱ्या हातांसाठीही काढावा. तो मात्र कोणी आवरू नये!