चारचौघांत

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती मागून ढकलणारं बँकर इंजिन लावायला. पुढे घाट, सदतीस फुटांना एक फूट चढ. पुढच्या इंजिनाचा चालक आणि मागून ढकलणारा, दोघांच्या मधे अख्खी गाडी. तोंड दिसत नाही. शिट्टीचे ठरलेले संकेत आणि वॉकीटॉकी, एवढ्यावर घाट चढायचा. तिथे आवाज चढवून काही साधत नाही, नेमकं काय हवंय तेच सांगावं लागतं.

*

खोपोलीजवळच्या एका कारखान्यात शिफ्ट बदलताना पाहिलेलं. ऑपरेटरने प्रेशरचं रीडिंग चुकीच्या रकान्यात लिहिलं होतं. सुपरवायझरने लॉगबुक टेबलावर आपटलं. "डोकं घरी ठेवून येतोस काय रे?" बोलणारा पंचविशीतला, ऐकणारा पन्नाशीचा, आजूबाजूला दोन्ही शिफ्टची माणसं. काकांनी आकडा खोडला, शेजारी सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या पानावर वळ उमटला.

पुढे पंपाचा आवाज बदललाय हे कळूनही ते स्वतःहून बोलले नाहीत. "विचारलं असतं तर सांगितलं असतं," म्हणाले. काकांना दोष द्यावासा मला वाटत नाही. पण रसायनीपासून खोपोलीपर्यंतच्या कारखान्यांत अशा गप्प राहण्याची किंमत फार मोठी असू शकते.

*

इस्राएलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ पथकांवर एक प्रयोग झाला, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. सरावासाठी रचलेली केस. काही पथकांना पाहुण्या तज्ज्ञाकडून टाकून बोलणं ऐकवलं. त्या पथकांचं निदान घसरलं आणि हातातलं कामही. कारण शोधलं तर माहिती एकमेकांना देणं कमी झालेलं, मदत मागणंही कमी झालेलं. काकांचंही तेच झालं होतं.

*

चूक दाखवूच नये असं माझं म्हणणं नाही. रकाना चुकला तर तो त्याच दिवशी दाखवायला हवा. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडलेलं दिसलं. त्यांचं स्पष्टीकरण मला पटतं: लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की माणूस आपली लाज सांभाळत बसतो. "हा आकडा इथे हवा होता" आणि "तुला अक्कल नाही" यांत फरक आहे तो इथे.

*

"राग गिळायला शिका" हे शिकवतात नेहमी खालच्यांना. कायम कामगार निदान युनियनकडे जाईल. ठेकेदाराच्या माणसाचा गेटपास दुसऱ्याच दिवशी बंद होऊ शकतो. वीटभट्टीवर याहून वाईट. कातकरी कुटुंब हातात पैसा नसतो तेव्हा उचल घेतं आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जातं. वेठबिगारी बंद झाली १९७६ च्या कायद्याने. तरी उचल फिटेपर्यंत उलट शब्द काढायची सोय नसते. आजोबांच्या वयाच्या माणसालाही अरे-तुरे. या गप्प बसण्याला कोणी संयम म्हटलं की मला चीड येते.

*

कर्जतच्या फार्महाऊसांवर, लहान रिसॉर्टांत काम करणाऱ्या बायकांचा प्रश्न वेगळा. अश्लील बोलणं "मस्करी होती" म्हणून झटकलं जातं. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात असं बोलणंही लैंगिक छळात मोडतं. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथे अंतर्गत समिती नसते. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. त्यासाठी जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग गाठायची गरज पडू नये, म्हणून तालुक्यालाच तक्रार घेणारा अधिकारी नेमायची तरतूद कायद्यात आहे. त्याने ती सात दिवसांत समितीकडे धाडायची असते. घरकाम करणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू आहे. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला खडूखेरीज काही लागत नाही. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांत हे याच महिन्यात व्हावं.